कौतिक, पारबती आणि वर्ध्याच्या ताई

परवा रात्री साडेअकराला वर्ध्याच्या ताईंचा मेसेज आला, "भाऊ, झोपले का? शेवटचं पान झालं. आता काय करू?"

हे "आता काय करू" ज्याला कळतं, त्याच्यासाठी ही पोस्ट लिहितोय. कविता आवडली तर चार जणांत म्हणून दाखवता येते. नाटकाला शेजारच्या खुर्चीत कोणी ना कोणी असतंच. कादंबरी मात्र आठ-दहा दिवस एकट्यानेच वाचायची असते. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, रात्री सगळे झोपल्यावर. तेवढे दिवस आपल्या घरात एक माणूस वाढलेलं असतं आणि ते फक्त आपल्यालाच दिसत असतं. पुस्तक मिटलं की ते जातं. आता सकाळी डबा घेऊन निघताना कोणाला सांगणार, की आमच्याकडचं एक माणूस काल रात्री गेलं?

मी नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरला आहे. एकोणीस वर्षं कंपनीच्या बसने जातोय-येतोय आणि बसमध्ये वाचतोय. सोबतची माणसं जिवाला जीव देणारी आहेत, पण हातातलं पुस्तक बघून "काय, परीक्षा आहे का?" एवढंच विचारतात. बायको भाजी निवडता निवडता ऐकून घेते. तिचा जीव गाण्यात आहे, कादंबरीत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. त्यामुळे वाचलेलं सगळं आतल्या आत साठत गेलं.

माझे वडील शिंपी. रविवार कारंज्याजवळच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं, दुकान म्हणजे एक पायमशीन, एक फळी आणि वर लटकवलेले शिवलेले सदरे. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालायचं. आई काजं करायची, मी बटणं लावायचो. आईच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक सुईने टोचून टोचून इतकं निबर झालं होतं, की चुलीवरची भाकरी उलटताना तिला त्या बोटाला चटका कळायचा नाही.

म्हणून उद्धव शेळक्यांची 'धग' वाचली तेव्हा मी हललो. कादंबरी १९६० ची, वऱ्हाडातली, आणि घर शिंप्याचं. कौतिक नावाची बाई संसार टिकवायचा म्हणून झिजत राहते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आमच्या सोसायटीत आली होती, त्यात ती मिळाली. आपल्या नाशिकमधून सुरू झालेला हा उपक्रम, पेटीत शंभर पुस्तकं, आणि त्या शंभरातलं हे नेमकं माझ्या हाताला लागलं. (पेटी घराघरांत फिरवण्यासाठी धावपळ करणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या काकूंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.)

वाचून झाल्यावर फेसबुकवर लिहिलं. कादंबरी कशी आहे यावर फारसं लिहिलंच नाही, आईच्या त्या बोटाबद्दल लिहिलं. दोन दिवसांनी एका अनोळखी बाईंचा मेसेज आला: "कौतिकबाय आमच्या घरातलीच हाये, भाऊ. तुम्ही नाशिकचे असून तुम्हाले कशी भेटली?" त्याच या ताई. निवृत्त अंगणवाडी सेविका, वर्ध्याजवळच्या एका गावात राहतात. आम्ही आजवर प्रत्यक्ष भेटलेलो नाही.

मी त्यांना खरं ते सांगितलं, की बोली मला अडली, बरेच संवाद मी अंदाजाने ओलांडले. त्यांनी काय करावं? दोन पानांचे संवाद मोठ्याने वाचून रेकॉर्डिंग पाठवलं. मागे कोंबडा आरवतोय, कोणीतरी भांडी घासतंय, आणि ताई वाचतायत. मी ते बसमध्ये कानाला लावून ऐकलं. तोवर माझ्या कानात कौतिक नाशिकची मराठी बोलत होती. जिथे मला राग वाटला होता तिथे माया होती, आणि जे मला साधं बोलणं वाटलं होतं तो टोमणा होता. बस एबीबी सर्कलला आली तेव्हा माझे डोळे भरले होते. घरी येऊन कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा काढली. हे मला कुठल्याही शब्दकोशाने दिलं नसतं. एका वाचणाऱ्याने दुसऱ्या वाचणाऱ्याला दिलं.

मग त्यांनी सांगितलं, "शिंप्याचंच घर पाहिजे तर बोराड्यांची 'पाचोळा' वाचा." रा. रं. बोराडे, १९७१. मराठवाड्यातलं गाव, गंगाराम शिंपी, आणि सगळी गोष्ट सांगते त्याची बायको पारबती, तिच्याच बोलीत. इथे आमचं वाजलं. ताईंचं म्हणणं, गंगारामच्या ताठ्याने घराचा पाचोळा झाला, भोगलं पारबतीने. मी म्हटलं, गावापुढे मान न वाकवणाऱ्या माणसाला हट्टी म्हणणं सोपं असतं. तीन दिवस आम्ही भांडलो. मी लांबलचक मेसेज लिहिले, पुरावे दिले, प्रसंग सांगितले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचं एकच वाक्य आलं: "भाऊ, तुम्ही गंगारामची नाही, तुमच्या वडलांची बाजू घेऊन राहिले."

मी त्या दिवशी कामावर गेलो, पण लक्ष लागलं नाही. वडील जाऊन बारा वर्षं झाली. घरमालकाशी शब्दाला शब्द लागला म्हणून त्यांनी भरल्या दिवाळीत दुकान सोडलं होतं, आणि आम्ही सगळे त्या ताठ मानेचं कौतुक करत वाढलो. त्यानंतरची दोन वर्षं आईने घरोघरी जाऊन फॉल-बिडिंगची कामं कशी गोळा केली, हे कौतुकात कधी आलंच नाही. घरातल्या कोणी ते मला बोलून दाखवलं नव्हतं. एका न भेटलेल्या बाईने एका कादंबरीच्या आडून दाखवलं.

म्हणूनच पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो, शेजारी चहाचा कप आणि खाली "अप्रतिम, वाचनीय" असं दिसलं की मला हळहळ वाटते. त्या माणसाने आठ दिवस दिलेत त्या पुस्तकाला! त्याला कुठे थांबावंसं वाटलं, कोणाचा राग आला, कुठलं पान उलटवेना, हे तो लिहीत नाही. 'आवडत्या दहा कादंबऱ्या' या याद्यांचंही तेच. माझी आणि तुमची यादी दहाच्या दहा जुळली तरी आपण एकमेकांना अनोळखीच राहू. आणि एकच कादंबरी जुळली, पण तुम्हाला ती का लागली हे मला कळलं, तर रात्री साडेअकराला मी तुम्हाला मेसेज करू शकेन.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. आमच्याच कंपनीतला एक तरुण पोरगा, आयटीआय झालेला, वाचणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये मोठ्या उत्साहाने आला. 'मृत्युंजय' वाचून भारावला होता, कर्णावर त्याने पानभर लिहिलं. लगेच दोघांनी त्याला विचारलं, "'कोसला' वाचलीय का? मग बोलू." पोराने दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला. मला नेमाड्यांची 'कोसला' जीव तोडून आवडते, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर माझा सख्खा आहे. पण तिचा असा दंडुका करून कोणाला दारातून हाकलू नका. आमच्या घरात पहिली कादंबरी आली ती 'मृत्युंजय'च. वडिलांनी एका गिऱ्हाइकाकडून शिलाईच्या बदल्यात घेतली होती, आणि दुपारी मशीन बंद ठेवून ते आईला वाचून दाखवायचे. तो पोरगा आता माझ्याशेजारी बसतो. सध्या 'रणांगण' वाचतोय, आणि बोटीवरच्या हॅर्टाबद्दल इतके प्रश्न विचारतो, की सातपूर कधी येतं कळत नाही.

आपल्या शहराला वाचनाची परंपरा आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० चं. तात्यासाहेब शिरवाडकर इथे राहिले, त्यांच्या कविता आपल्याला पाठ आहेत. (त्यांनी 'वैष्णव' ही कादंबरीही लिहिली हे मात्र फार थोड्यांना आठवतं, ती शोधून वाचा.) वाचनालयांनी आपल्याला पुस्तकं भरभरून दिली. तेच पुस्तक आपल्याआधी कोण घेऊन गेलं, ते कोणाला लागलं, हे मात्र काउंटरवर कधी कळत नाही. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के असतात, माणसं नसतात.

'पाचोळा'ची जी प्रत मी वाचली, ती शहरातल्याच एका वाचनालयातली. चिठ्ठीवर माझ्याआधीचा शेवटचा शिक्का १९९६ चा. आत एका पानावर पारबतीच्या बोलण्यातल्या चार ओळींना शिसपेन्सिलीने उभी रेघ मारलेली आहे आणि समासात बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलाय: "आई". मी त्या पानाचा फोटो ताईंना पाठवला. त्यांनी लिहिलं, "हा माणूस शोधा, भाऊ."

१९९६ च्या आसपास नाशिकमध्ये राहून तुम्ही 'पाचोळा' वाचली असेल, आणि ती रेघ तुमची असेल, तर मला मेसेज करा. कितीही रात्र झाली असली तरी चालेल.