सात दिवस चालायचंय, बाकी काही नाही

पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा डोंगरात मुक्कामी हिंडणाऱ्या लोकांचा दंडक आहे. तो वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आपलं वजन थोडं कमीच पडतंय.

निमित्त असं, की येत्या जूनमध्ये मी आणि माझी थोरली नणंद ॲपलाचियन ट्रेलवर आठवडाभर चालणार आहोत. अमेरिकेतली ही पायवाट जॉर्जियात सुरू होते आणि १४ राज्यं ओलांडत, साधारण साडेतीन हजार किलोमीटरनंतर मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतावर संपते. आम्ही त्यातला एक टवका उचललाय. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कचा उत्तरेकडचा आणि मधला भाग, सव्वाशे किलोमीटरच्या आतला. अख्ख्या पार्कमधून ही वाट १६० किलोमीटर जाते आणि ताईंना ती अख्खीच हवी होती. "१६० भागिले ७. तेवीसच तर होतात रोजचे!" भागाकार बरोबर होता. त्यात डोंगर धरलेले नव्हते.

डोंगर धरायची सोय विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच करून ठेवली आहे. सपाटीवर तासाला ५ किलोमीटर धरा, आणि चढ असला तर दर ६०० मीटर उंचीमागे आणखी एक तास. गृहस्थ धडधाकट असणार. शिवाय त्यांच्याबरोबर दर फुलापाशी थांबून फोटो काढणारी नणंद नसणार. म्हणून मी त्यांच्या उत्तराला दीडने गुणते, आणि ताई आसपास नसतील तर दोनने.

तर मी एक्सेल शीट केली. डावीकडे वस्तू, उजवीकडे ग्रॅम. स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्या खोलीत मुक्कामाला आला आणि मी दिसेल ते त्यावर ठेवत सुटले. या छंदाचं व्यसन फार पटकन लागतं. अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरतं ते 'बेस वेट', आणि ते साडेचार किलोच्या आत ठेवणारा 'अल्ट्रालाइट' नावाचा एक पंथ आहे. त्यातले कडवे लोक टूथब्रशचा दांडा कापतात, टी-शर्टची लेबलं उसवतात. आधी मी त्यांना हसले. मग गुपचूप दांडा कापला. नऊ ग्रॅम वाचले. त्या आनंदात मी दोन बिस्किटं खाल्ली, त्यांचं वजन शीटमध्ये नाही.

ताईंना हे सगळं थोतांड वाटतं, आणि त्यांच्या हाती एक जबरदस्त हत्यार लागलंय. एमा गेटवुड. या बाई १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, ही वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकट्या चालल्या. अकरा मुलांची आई. मुलांना म्हणे इतकंच सांगितलं, जरा चालायला जाऊन येते. खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, तंबू नाही, आणि पाऊस आला तर अंगावर घ्यायला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तेव्हापासून माझ्या शीटमधल्या प्रत्येक ओळीची उलटतपासणी होते.

"ही हवा भरायची गादी एमा गेटवुडकडे होती का?"

"नाही, ताई."

"आणि हा फिल्टर?"

"नाही. पण झऱ्याच्या पाण्यात जिआर्डिया नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो."

"तिच्या वेळी नव्हता वाटतं तो?"

मग मीही वाचलं. या बाई आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, उत्तरेकडून निघाल्या होत्या. थोड्याच दिवसांत वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि घरी परतावं लागलं. हे मी ताईंना फार नम्रपणे ऐकवलं आणि त्यांच्यासमोर शीटमध्ये नवी ओळ घातली: जादा चष्मा, २८ ग्रॅम. नकाशाचीही ओळ राहिली, जरी "झाडाझाडावर वाटेच्या खुणेचे पांढरे पट्टे रंगवलेत, नकाशा काय करायचाय" हा ताईंचा मुद्दा अगदीच खोटा नाही.

स्लीपिंग बॅगची खरेदी हा मात्र वेगळाच ताप. त्यावर दोन तापमानं छापलेली असतात, 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. पहिल्या तापमानाला एक प्रमाणित बाई आरामात झोपू शकते. दुसऱ्याला एक प्रमाणित पुरुष, अंगाचं मुटकुळं करून, जाग न येता आठ तास काढू शकतो. मुटकुळं करून काढलेल्या रात्रीला झोप म्हणायचं ठरवलं कुणी? आणि ही प्रमाणित बाई कोण? मला उन्हाळ्यातही पायमोजे लागतात आणि ताई डिसेंबरात पंखा लावतात. आमच्या दोघींची सरासरी काढली तर कदाचित ती सापडेल. शेवटी मी पाच अंशांची जादा ऊब घेतली, कारण खाली दरीत उकडत असलं तरी वर कड्यावर हवा बरीच गार असते.

आणि अस्वलं. शेनान्डोआत काळी अस्वलं भरपूर आहेत. म्हणून तिथला नियम असा, की खाणं एक तर अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवायचं, नाही तर झाडाला टांगायचं, जमिनीपासून निदान ३ मीटर वर आणि खोडापासून सव्वा मीटर लांब. खाणं म्हणजे नुसतं खाणं नव्हे. टूथपेस्ट, क्रीम, ओठांचं मलम, ज्याला वास आहे ते सगळं. डबा किलोभराचा आहे हे कळल्यावर मी दोरीचा मार्ग धरला आणि घरामागच्या झाडावर सराव सुरू केला. दोरीच्या टोकाला दगडाची थैली बांधायची आणि ती फांदीवरून पलीकडे टाकायची. वाचायला अर्धी ओळ पुरते. प्रत्यक्षात थैली पहिल्यांदा माझ्या मागे गेली. मग शेजाऱ्यांच्या कुंपणात. मग ती फांदीभोवती इतक्या प्रेमाने गुंडाळली गेली की शिडी आणावी लागली, आणि शिडीवर मी असताना शेजारच्या आजोबांनी विचारलं, "मांजर अडकलंय का?" ताई खुर्चीत बसून बघत होत्या. मग उठल्या, दोरी घेतली, पदर खोचल्याच्या आविर्भावात ट्रॅकसूटचं जाकीट आवळलं आणि पहिल्या फेकीत थैली हव्या त्या फांदीवरून पार. त्या क्षणी अस्वल खातं त्यांच्याकडे गेलं.

खुरपं माझ्याकडे आहे. ते कशासाठी, तर पाण्यापासून साठ मीटर लांब जाऊन १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करण्यासाठी. याहून खोलात जात नाही.

सगळ्यात जड प्रकरण अन्नाचं. माणशी दिवसाला सातशे ते नऊशे ग्रॅम सुकं खाणं लागतं. सात दिवसांचं साडेपाच किलो. वर दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो. टेबलावर ओट्स, सुकामेवा, पीनट बटर आणि नूडल्सची पाकिटं मांडली, सगळं सॅकमध्ये कोंबलं, ती पाठीवर चढवली आणि मी सोफ्यावर उताणी पडले. उलटलेल्या कासवाला जे वाटत असेल तेच वाटत होतं. शीट म्हणत होती, माझ्या वजनाच्या २६ टक्के.

ताई शांतपणे नकाशा बघत होत्या. हो, तोच नकाशा. "अगं, पार्कमधली ही मोटारींची सडक, स्कायलाइन ड्राइव्ह, आपल्या वाटेला सारखी आडवी येते. इथे एलकवॉलोला खायला मिळतं, मग स्कायलँड, मग बिग मेडोज. तिथला ब्लॅकबेरी मिल्कशेक फार प्रसिद्ध आहे म्हणे. दर दोन-तीन दिवसांनी जेवण मिळणार असताना तू सात दिवसांचं कोठार कशाला वाहतेयस?"

मी निम्मी पाकिटं काढली. अडीच किलो उतरले, टक्का जवळपास ताळ्यावर आला. मनातल्या मनात मी त्या मोकळ्या जागेत फुगवायची उशी बसवत होते, तेवढ्यात ताई घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि काट्याकडे बोट दाखवलं. "ही किती भरते बघ गं."

"एमा गेटवुडकडे खुर्ची होती का, ताई?"

"नव्हती ना," ताई म्हणाल्या, "म्हणून तर बिचारी चालतच राहिली."