चर्चमध्ये जरा टेका की!

युरोप टूर करून आलेल्या माणसाला "कसं वाटलं?" विचारा. हमखास उत्तर येतं, "छान होतं, पण किती ती चर्च! सगळी सारखीच." मीही असंच म्हणायचो. यंदा आई बरोबर होती.

जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलला आमच्या टूरने वीस मिनिटांचा 'फोटो स्टॉप' दिला होता. ते रेल्वे स्टेशनला अगदी खेटून आहे आणि मनोरे १५७ मीटर उंच, त्यामुळे फोटोत काही मावत नाही. आमच्यातली अर्धी मंडळी वीस मिनिटं नुसती मागे मागे सरकत होती. आईचा दारातच पहिला प्रश्न, "चपला कुठे काढायच्या?" काढत नाहीत म्हटल्यावर ती जरा नाखुशीनेच आत आली. पुढपर्यंत गेली, हात जोडले, मागे फिरली आणि बाकावर बसली. मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाली, "देवळातून न टेकता निघू नये."

हे आपल्याला नवीन आहे का? दर्शन झालं की सभामंडपात क्षणभर टेकायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. युरोपात मात्र आपण गाईडच्या छत्रीमागे धावत आत शिरतो, मान वर करून व्हिडिओ घेतो आणि दुसऱ्या दाराने बाहेर. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर असं दहा-दहा मिनिटांत उरकलं तर तीही सारखीच दिसतील.

नाइलाजाने मीही बसलो. मग दिसलं की दक्षिणेकडच्या भल्यामोठ्या खिडकीत संतही नाहीत आणि बायबलमधला प्रसंगही नाही. नुसते रंगीत चौकोन, अकरा हजारांच्या वर, ७२ रंगांचे. इथली आधीची काच दुसऱ्या महायुद्धात गेली. त्या जागी गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराने केलेली ही खिडकी २००७ साली बसली. तिथल्या तेव्हाच्या कार्डिनलना, म्हणजे मुख्य धर्मगुरूंना, ती मुळीच पसंत नव्हती म्हणे. ढग सरकला आणि समोरच्या फरशीवर रंगच रंग सांडले. कार्डिनलसाहेबांचं काय चुकलं ते मला काही कळलं नाही.

या इमारतीचा पाया घातला १२४८ साली आणि ती पुरी झाली १८८० साली. मधली जवळजवळ तीनशे वर्षं काम बंद. अर्धवट मनोऱ्यावर जुनी लाकडी क्रेन तशीच उभी होती आणि गावाची तीच ओळख होऊन बसली होती. (आमच्या पुलाबद्दल मी काही बोलत नाही.)

तेवढ्यात घंटा झाली. आई पटकन म्हणाली, "नारोशंकराची घंटा!" आम्ही नाशिकचे. गोदाकाठच्या त्या घंटेवर १७२१ साल कोरलेलं आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर ती पोर्तुगीजांकडून आली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणजे चर्चच्या घंटेचा आवाज आईच्या ओळखीचाच होता की.

बसमध्ये आम्ही सात मिनिटं उशिरा पोचलो. बोलणी खाल्ली.

"देवाच्या दारात तिकीट कसलं?" हा आमच्या ग्रुपचा आवडता वाद. मिलानच्या कॅथेड्रलला तिकीट होतं, तिथे तो जेवणापर्यंत चालला. दगडाची एवढी डागडुजी कुणी फुकट करणार आहे का? आणि तिकीट नकोच असेल तर रोममध्ये शिरा कुठल्याही गल्लीतल्या चर्चमध्ये. फक्त खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि प्रार्थना चालू असेल तर मागे गप्प उभं राहायचं. आमच्यातले एक काका प्रार्थनेच्या वेळी स्पीकरवर फोन घेत होते. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. हात जोडायचे की नाही ही ज्याची त्याची मर्जी. मी जोडले नाहीत, मी घरीही क्वचितच जोडतो.

रोमला एक दुपार मोकळी मिळाली. पिआझ्झा नवोनाजवळ सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे. त्यातल्या एका कोपऱ्यात काराव्हाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराची तीन मोठी चित्रं आहेत, येशूचा शिष्य संत मॅथ्यू याची. डावीकडच्या चित्रात जकात गोळा करणारा मॅथ्यू टेबलाशी बसलाय आणि उजवीकडून येशू हात करून त्याला बोलावतोय. उजेडही उजवीकडूनच येतो, म्हणजे वेदीवरची खरी खिडकी ज्या बाजूला आहे तिकडूनच. म्युझियममध्ये हे कुठून दिसणार? चित्र ज्या भिंतीसाठी काढलं, चारशे वर्षं तिथेच आहे.

पण कोपऱ्यात अंधार. दिवा लावायला पेटीत नाणं टाकावं लागतं आणि थोड्या वेळाने तो आपोआप विझतो. तिथे पंधराएक माणसं उभी, देशोदेशीची, आणि प्रत्येक जण दुसरा कोणी नाणं टाकेल म्हणून वाट बघतोय. आईने पर्समधून एक युरो काढून टाकला. लख्ख उजेड पडला, सगळ्यांचे फोन वर झाले. आई मात्र पदर सावरून समोरच्या बाकावर बसली.

दिवा विझला. गर्दी पुढे सरकली.

"अजून एक नाणं आहे का रे?" आईने विचारलं.