अडुळसा वेगळा, निर्गुडी वेगळी

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले तर गेटपाशी झाडांचा ढीग. गेल्या जूनमध्ये आपण सगळ्यांनी मिळून लावलेला अडुळसा आणि निर्गुडी, मुळासकट उपटून टाकलेली, आणि शेजारी टेम्पोतून उतरवलेल्या पिवळ्या ड्युरांटाच्या, म्हणजे कातरून कुंपण करतात त्या शोभेच्या झुडपाच्या, रोपांच्या काळ्या पिशव्या ओळीने मांडलेल्या. विचारलं तर सोसायटीच्या कमिटीतले एक काका म्हणाले, "अहो, वर्षभर बघितलं ना, देशी झाडं आपल्याकडे येतच नाहीत." तेव्हापासून डोकं फिरलंय, आता रात्र झाली तरी ठिकाणावर नाही.

येत नाहीत? लावली कुठे होती ते बघा ना. निर्गुडी लावली दोन बिल्डिंगच्या मधल्या बोळात, जिथे भर दुपारीसुद्धा ऊन उतरत नाही. आणि अडुळसा लावला पार्किंगच्या कडेला, पश्चिमेच्या भिंतीला, जिथे पेव्हर ब्लॉक चपलेतूनही चटका देतात. बरोब्बर उलटं. मी तेव्हाच म्हटलं होतं, तर उत्तर मिळालं की दोन्ही औषधी झुडपं, दोन्ही काटक, काय फरक पडतो. आणि मी गप्प बसले. त्याचाही राग येतोय, स्वतःचाच.

काय फरक पडतो ते मला आजीच्या परसात कळलं होतं. तिचा अडुळसा मोरीच्या मागे, जिथे भांड्यांचं पाणी जायचं आणि चिंचेची सावली दिवसभर फिरायची. निर्गुडी पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाच्या बांधावर, उघड्या उन्हात, तिला पावसाशिवाय कोणी पाणी घातलेलं मला आठवत नाही. एकदा मी निर्गुडीची एक फांदी आणून अडुळशाजवळ खोचली, म्हटलं दोघं एकत्र असले की आजीला लांब जायला नको. फांदी जगली. पण नुसती उंच, किडकिडीत, उजेडाकडे वाकलेली, आणि फुलाचं नाव नाही. तेव्हा बांधावरची निर्गुडी जांभळ्या-निळ्या तुऱ्यांनी भरलेली आणि त्यावर माश्यांचा नुसता गुणगुणाट. आजी एवढंच म्हणाली, "तिला ऊन दे गं."

तिला ऊन दे. वर्षभर आपण तेच तर दिलं नाही.

निर्गुडी ओढ्याकाठची, माळावरची, रस्त्याकडेची. मुरमाड जमीन चालते, कोरडं चालतं, पण सावलीत ती हरते. मोकळी सोडली तर 4-5 मीटरचं झाडच होतं तिचं, मुळांपासून नवे कोंब काढत पसरते, म्हणून तर बांधाची माती धरून ठेवायला लोक लावत आले. अडुळसा एवढा वाढत नाही, दोन-अडीच मीटरचं गच्च हिरवं झुडूप, पानं मोठी, हातभर नसली तरी वीतभर सहज. एवढ्या मोठ्या पानातून पाणीही तेवढंच उडणार ना? त्याला अर्धी सावली आणि जमिनीत थोडी ओल मिळाली की तो वर्षभर हिरवागार. ऊन त्यालाही चालतं, हे कबूल करते, मी स्वतः भर उन्हातल्या बांधावर अडुळसा बघितलाय. पण तो मुळं खोल गेलेला जुना अडुळसा. पिशवीतून काढलेलं वीतभर रोप तापलेल्या सिमेंटच्या कडेला लावून मे महिन्यात आठ-आठ दिवस पाणी द्यायचं नाही, आणि पानांच्या कडा करपल्या की म्हणायचं येत नाही!

आणि हे "देशी झाडाला काही करावं लागत नाही" कोणी पसरवलं? पहिलं वर्ष सगळ्याच झाडांना पाणी लागतं हो. आळं करा, पालापाचोळा पसरा, पहिला उन्हाळा सांभाळा, मग ती तुम्हाला विचारत नाहीत. पहिला उन्हाळासुद्धा नको म्हणजे कसं?

आता म्हणाल एवढं काय त्यात, झुडपंच आहेत. मला नाही तसं वाटत. आजीचे गुडघे धरले की मला शाळेतून आल्या आल्या बांधावर पिटाळायची. निर्गुडीची पानं पंजासारखी, कधी तीन बोटांची कधी पाच, वरून हिरवी आणि उलटी केली की राखाडी-पांढरी. ओंजळभर ओरबाडून आणायची, ती पातेल्यात उकळायची, आणि त्या गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून गुडघ्यावर ठेवायची. हाताला तो उग्र वास रात्री जेवतानाही यायचा. आज सकाळी त्या ढिगातून एक फांदी उचलली, पान चुरगाळलं, आणि तोच वास. तिथेच उभी राहिले थोडा वेळ. काकांना काय बोलणार होते तेच विसरले.

तोच पाला वाळवून ती धान्याच्या कणगीत घालायची, किडा लागू नये म्हणून. संध्याकाळी डासांना त्याचाच धूर. काटक्यासुद्धा लवचिक, टोपल्या विणायला जायच्या.

अडुळशाचं काम वेगळं, खोकल्याचं. आजी पिकून पिवळी झालेली पानं निवडून घ्यायची आणि काढा करायची, कडू म्हणजे किती कडू, नंतर गूळ हातावर ठेवायची. ती फक्त आजीची समजूत नव्हती बरं का. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच्याच धाग्यावरून 1960 च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनलं. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव किंवा त्याच्याच घरातलं ॲम्ब्रोक्सॉल छापलेलं असतं. असं झाड आपण टेम्पोत भरून कचऱ्यात पाठवतोय. (हो, आणि वाचून लगेच काढा करत बसू नका, गरोदर बाईने तर अजिबातच घेऊ नये, गर्भाशयावर परिणाम होतो त्याचा. दुखणं असेल तर डॉक्टर आहेतच.)

मला तर लहानपणी त्याची फुलंच आवडायची. पांढरी, उघडलेल्या तोंडासारखी, आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा. हळूच ओढून मागचं टोक चोखलं की थेंबभर मध. आणि एवढ्या कडू पानांमुळे त्याला शेळी तोंड लावत नाही. निर्गुडीलाही गुरं सोडूनच देतात. म्हणून दोन्ही कुंपणाला लावायची पद्धत, आणि बहुतेक म्हणूनच सगळ्यांना दोन्ही एकच वाटतात.

ड्युरांटाबद्दल बोलते. पहिल्या दिवसापासून नीटनेटका दिसतो, मान्य. उन्हाळ्यात निर्गुडी विरळ होते, तिचे कोंब दरवर्षी छाटावे लागतात, अडुळशाला जवळून वास येतो, हेही मान्य. पण हा ड्युरांटा अमेरिका खंडातून आलेला, सतत कातरून त्याला फूलही येऊ द्यायचं नाही म्हणजे माश्यांना काही नाही, फुलपाखरांना काही नाही, आणि कातरायचा राहिला की त्याला जी पिवळी फळं येतात ती विषारी, खाली लहान मुलं खेळतात आपल्या. याचा विचार कमिटीत कोणी केला?

जाऊ दे. काकांवर चिडून उपयोग नाही, त्यांना कोणी सांगितलंच नसेल. मला आजीने सांगितलं होतं, तरी मी वर्षभर गप्प बसले.

दुपारी माळीकाकांना गाठलं. त्यांनी ढिगातल्या जिवंत मुळांची झाडं बाजूला काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलीत, आणि बाकीच्यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या 15-20 सेंटिमीटरचे तुकडे करून पाण्याच्या बादलीत. दोन्ही फांदीवरून लागतात आणि पाऊस नुकताच सुरू झालाय, याहून चांगली वेळ नाही. बोळातली जागा अडुळशाला, पार्किंगची भिंत निर्गुडीला. कमिटीतल्या काकांकडून दोन ओळींची जागा मागून घेतलीये, ते "बघू" म्हणालेत, मी ते हो समजून चालले आहे.

उद्या सकाळी 7 वाजता. ज्यांना यायचंय त्यांनी खुरपं आणा, आणि पुढच्या मे महिन्यात कोण कोणत्या वारी पाणी घालणार ते खाली कमेंटमध्ये आत्ताच लिहा. सोमवार आणि गुरुवार माझे.