डोंगरातले चेहरे टिपायचेत? उत्तम विचार आहे!

नोकरीचा कंटाळा आलाय, कॅमेऱ्याचे हप्ते अजून चालू आहेत आणि शहरातले चेहरे तुमच्याशी ‘बोलत’ नाहीत? मग वेळ घालवू नका, प्रवासी छायाचित्रकार व्हा आणि अरुणाचलातलं झिरो खोरं गाठा. मी नुकताच तिथून आलोय. तुमच्या क्षेत्रातली दिग्गज मंडळी माझ्याच होमस्टेमध्ये उतरली होती, त्यामुळे अधिकारानं सांगतो.

आधी इनर लाइन परमिट काढा. १८७३ सालच्या इंग्रजी नियमातून आलेला हा कागद राज्यात शिरण्यापुरता असतो, असं भाबडे लोक समजतात. तुम्ही तो लोकांच्या चुलीपर्यंत चालवा.

गावाला ‘जगापासून तुटलेलं’ म्हणा. झिरो हे जिल्ह्याचं मुख्यालय आहे आणि २०१२पासून तिथं भरणाऱ्या संगीत महोत्सवाला देशभरातून पोरं येतात, पण ते कॅप्शनमध्ये बसत नाही. डिश अँटेना क्रॉप करा.

भाताच्या खाचरात मासे वाढवणारी, इथल्या आपातानी जमातीची शेती बघत बसू नका. चिखलाला लाइक्स नाहीत.

आता मुख्य शिकार. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि हनुवटीवर गोंदलेल्या, नाकपुड्यांत काळ्या चकत्या घातलेल्या आज्या. ही प्रथा १९७०च्या दशकात आपातानी तरुणांनीच बंद पाडली, म्हणजे माल दरवर्षी कमी होत चाललाय. घाई करा. भल्या पहाटे सगळा ग्रुप एकदम आत घुसवा. घराच्या मधोमध चूल असते, पण तिचा धूर कमी पडला तर ओलं लाकूड सारायला सांगा. आजी खोकल्या तर खोकू द्या, सुरकुत्या छान उमटतात. त्यांच्या अंगातला नातवाचा स्वेटर काढायला लावा. थंडी तुम्हाला कुठे वाजतेय, तुमच्या अंगात जाकीट आहे. प्लास्टिकची खुर्ची हलवा, औषधांची पिशवी हलवा, मागे मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या नातीला हलवा. ती इटानगरला कॉलेजात शिकते, जीन्स घालते, फ्रेम बिघडवते. मग टूरच्या म्होरक्यानं आजींच्या समोरच, खणखणीत आवाजात ती लाडकी कथा सांगावी, की शेजारच्या जमातींनी पळवून नेऊ नये म्हणून या बायकांना मुद्दाम कुरूप करत. सांगावी हिंदीत. अरुणाचलात बाजारापासून शाळेपर्यंत सगळीकडे हिंदी चालते, हे त्या विद्वानाला इतके दिवस तिथं जेवून-झोपूनही कळलेलं नसतं. नातीला मात्र सगळं कळलं. तिनं स्वेटर उचलून आजीच्या खांद्यावर टाकला आणि विचारलं, “हो गया?” तर हे महाशय म्हणतात, “एक और. बिना स्वेटर के.”

बिना स्वेटर के!

पैसे मागितले तर ‘फार व्यावसायिक झाले हो हे लोक’ म्हणून हळहळा. तुमच्या टूरची फी वेगळी, ती कलेची सेवा.

प्रिंट पाठवतो, असं निघताना जरूर सांगा.

नाव विचारू नका, ‘आपातानी स्त्री’ पुरे. हिरव्या डोळ्यांच्या अफगाण निर्वासित मुलीचा, शरबत गुलाचा फोटो १९८४ साली काढला, १९८५ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर छापला, जगभर गाजला. जगाला तिचं नाव कळलं २००२ साली, आणि तो फोटो तिनं स्वतः पाहिला तोही तेव्हाच. अडलं का कुणाचं काही?

लाज वाटत नाही का रे? आपल्याकडच्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवरही गोंदण असायचं. उद्या दहा परके लोक बुटांसकट तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात शिरले, तिचा पदर हवा तसा ओढून घेतला आणि तिच्यासमोरच तिला कुरूप म्हणाले, तर त्यांना चहा पाजाल? आधी कॅमेरा पिशवीत ठेवा. बसा. नाव विचारा, विचारून फोटो काढा, नको म्हटलं की उठा. तुम्हाला चेहरा हवाय आणि त्या चेहऱ्याचं माणूस नकोय, तर पुतळ्यांचे फोटो काढा, ते स्वेटर घालत नाहीत.

आणि त्या प्रिंट पाठवा. झिरोला पोस्ट ऑफिस आहे.