सर्पगंधाचं चूर्ण आणि मावशीचा फोन

रविवारी मावशीचा फोन. "अगं, दादाला दोन दिवस गोळ्या दिल्या नाहीत. तो मेसेज वाचलास ना?" वाचला होता. फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा आलेला: 'डोक्याच्या गोळ्या म्हणजे गुंगीचं औषध. सवय लागते, माणूस फुगतो, मेंदू आक्रसतो. बरं वाटलं की बंद करा, सर्पगंधाचं चूर्ण द्या. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य.' दादाला सहा वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात असा मानसिक आजार. त्यामुळे हे नुसतं डिलीट करून भागणार नव्हतं.

शेवटच्या वाक्यापासूनच धरते, कारण खरा कहर तिथे आहे. सर्पगंधा वेडावर चालते हे खोटं नाही. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच त्यावर लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी तिचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातलं रेझर्पिन पुढे परदेशातही स्किझोफ्रेनियावर देत. पण ते करतं काय? मेंदूतल्या पेशींमधला डोपामिन नावाच्या रसायनाचा साठाच उपसून टाकतं. आजच्या गोळ्या टाकी उपसत नाहीत, डोपामिन जिथे जाऊन लागतं ती तोटी अडवतात. पाणी तेच! म्हणून अंग आखडणं, हात थरथरणं हे रेझर्पिननेही होतं, वर रक्तदाब घसरतो, माणूस उदास होतो तो वेगळाच. आणि चमचाभर चूर्णात ते किती, हे कोण मोजणार?

गुंगी सुरुवातीला येते, मान्य. पण औषधाचं काम ते नव्हे. दादा सांगतो, "आवाज येतात गं, पण शेजारच्या घरात टीव्ही लागल्यासारखे." सवयीचं म्हणाल तर जास्तीची गोळी मागणारा पेशंट मी पाहिलेला नाही, गालात धरून मोरीत थुंकणारा मात्र आमच्याच घरात आहे.

वजनाचं नाइलाजाने कबूल करते. ओलान्झापिन या गोळीवर दादा चौदा किलो वाढला, आणि त्याच्या डॉक्टरांनी वर्षभर त्याला काट्यावर उभं केलं नाही. साखर वाढू शकते, काही गोळ्यांनी पाळी चुकते, काहींनी पाय एका जागी ठरत नाहीत. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणूनच असले मेसेज खपतात. मेंदूचं अर्धसत्य आहे: काही स्कॅनमध्ये आकारमान किंचित कमी दिसलंय, पण ते आजारानेही होतं.

राहिलं 'बरं वाटलं की बंद करा'. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. वर्षभरात आजार उलटला तो गोळी चालू असलेल्या शंभरातल्या २७ जणांचा, आणि औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्या शंभरातल्या ६४ जणांचा. उरलेल्या ३६ मध्ये दादा असेलही. ते बघायचं तर डॉक्टरांसमोर, डोस हळूहळू उतरवत. फॉरवर्ड वाचून शुक्रवारी एकदम नाही.

मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याच्या सुटलेल्या पोटाचं काय?" प्रश्न बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर तपासली. गुरुवारी तो आकडा आणि वजन घेऊन जाणार, गोळी बदलता येते का विचारणार. चूर्णाची बाटली मी उचलून आणली आहे. अडीचशे रुपये किंमत छापलीय, आत काय आहे ते कुठेच नाही.