अजून थोडं घ्या

खिडकीवर घासणारी एक फांदी काढा, एवढीच माझी तक्रार होती. एक! आता खिडकीबाहेर झाड नाहीच, खांब आहे, आणि त्या खांबाला जी एकुलती एक फांदी ठेवलीय ती रात्रभर माझ्या काचेवर खर्र खर्र करते.

तर झालं असं की छाटणीची माणसं आली, टेम्पो लागला, चेनसॉ सुरू झाली. ठेकेदारांसाठीची पालिकेची नियमावली मी आधीच वाचून ठेवली होती (रिकामटेकडा म्हणा हवं तर), आणि खरं सांगतो, ती लिहिणाऱ्याला झाड कळतं. एका वेळी पानोऱ्याचा पाव हिस्सा, त्याच्यावर नाही. शेंडा उडवायचा नाही. खिळ्यांचे बूट घालून जिवंत झाडावर चढायचं नाही. घरटं दिसलं की काम थांबवायचं. मोठी फांदी तीन कापांत काढायची, म्हणजे आधी खोडापासून थोडं लांब खालून अर्धवट काप, मग त्याच्याही जरा पुढे वरून, की फांदी साल न ओढता पडते, आणि शेवटी उरलेलं खुंट फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते ना, तिच्या बाहेरून. ती कड राखायची, कारण जखम तिथूनच झाकली जाते.

यांनी एकच काप घेतला, वरून. फांदी कडाडली आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली, आतलं ओलं पांढरं लाकूड उघडं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात खालून आवाज आला, "अजून थोडं घ्या!"

पांढरी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, हात मागे बांधलेले. मला वाटलं पालिकेचे सुपरवायझर. म्हणून अदबीनं म्हटलं, "साहेब, पंचवीस टक्के झाले की हो."

"कशाचे पंचवीस?"

"झाडाच्या पानोऱ्याचे."

"मूळच्या, की आत्ता उरलंय त्याच्या?"

"मूळच्या!"

"मूळचं झाड आता आहे कुठं मोजायला?" असं म्हणून त्यांनी वर बघितलं. "डावीकडून घे रे, डावीकडून. अजून थोडं."

न्हावी आरसा दाखवतो आणि आपण भिडेखातर मान हलवतो, तसा मी उभा. डावीकडून घेतलं. मग उजवी बाजू जड दिसायला लागली म्हणून उजवीकडून घेतलं. मग साहेब दहा पावलं मागे गेले, एक डोळा मिटला, आणि शेंडा "उगाच वर गेल्यासारखा" वाटतोय म्हणाले. शेंडा गेला. मी ओरडलो की अहो शेंडा मारला की खालून धुमाऱ्यांचा झुबका फुटतो, ते धुमारे सालीला नुसते चिकटल्यासारखे असतात, मोठे झाले की वाऱ्यात तेच पहिले मोडून लोकांच्या डोक्यात पडतात. तर म्हणाले, "फुटतंय ना पण? मग झाड जिवंत आहे. काळजी कसली करता?"

माझी फांदी तेवढी राहिली. ती दाखवली तर म्हणाले, "ती असू द्या. एका बाजूला काहीतरी हवं, नाहीतर भुंडं दिसतं."

शेवटी मुकादमाला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या साहेबांना नियम माहीत नाहीत का? तो माझ्याकडे बघतच राहिला. "आमचे साहेब? आम्हाला वाटलं तुमच्या सोसायटीचे आहेत."

मग त्या टोपीवाल्या काकांनाच विचारलं. "मी? मी फिरायला निघालो होतो. इथं कोणी सांगणारं दिसेना, म्हणून थांबलो."

बरं, एवढ्यावर जातील तर ते काका कसले. जाता जाता त्यांनी काप दिसतील तिथे काळा रंग फासून घेतला, "जखम भरते" म्हणून. अहो नाही भरत! अमेरिकेत अ‍ॅलेक्स शिगो म्हणून वनशास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं, आणि 1977 मध्ये मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी बरी होतच नाही, झाड तिच्याभोवती आतून भिंती घालतं, तो भाग कायमचा कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. रंगानं कुजणं थांबत नाही. माणूस आयुष्यभर झाडं चिरत बसला आणि आपण अजून डबा घेऊन उभे. हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मुकादमाच्या कागदावर "स्थानिक रहिवासी, काम समाधानकारक" म्हणून सही ठोकली. ते आमच्या गल्लीत राहतसुद्धा नाहीत!

मला मेसेज आला, तक्रारीचं निराकरण झालं. मी परत तक्रार टाकली, तर उत्तर काय, की सदर झाडाची छाटणी नुकतीच झालेली असल्याने नियमानुसार तूर्त आणखी फांदी तोडता येणार नाही. म्हणजे नियम आहे हो! फक्त तो लागू व्हायला माझी फांदी लागली.

मुकादमावर राग काढून उपयोग नाही म्हणा. त्यानं टेम्पो भरता भरता सांगितलं की त्यांना पैसे ट्रिपवर मिळतात. झाडावर काय राहिलं ते बघायला कोणी येत नाही, टेम्पोत किती भरलं ते मात्र मोजतात. आता पाव हिस्सा कापून अर्धा टेम्पो नेणारा माणूस मूर्खच ठरणार ना? मग ती नियमावली छापता कशाला, नुसतं ट्रिपचं दरपत्रक लावा.

काका काल परत दिसले. खांबाकडे कौतुकानं बघत होते. "मोकळं झालं की नाही? आता असं करा, त्या पलीकडच्या झाडाचा अर्ज टाका तुम्ही. बाकीचं मी बघतो."