कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका : रस्ता रुंदीकरणाच्या त्या मेसेजला उत्तर

सध्या गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक मेसेज फिरतोय. मथळा : ‘रस्ता रुंदीकरण – प्रत्येक घरमालकाने वाचावेच’. त्यात कुठल्याही शहराचं नाव नाही, फक्त ‘आपल्या शहरातला मुख्य रस्ता’ एवढंच. त्यामुळे फोंड्यात वाचणाऱ्याला तो फोंड्याचा वाटतो, म्हापशात वाचणाऱ्याला म्हापशाचा, आणि डिचोलीतला माणूस आपल्या दारासमोरच्या रस्त्याचाच समजून धास्ती घेतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : शहराच्या आराखड्यात रस्ता रुंद दाखवला की ती पट्टी सरकारजमा झाली. १५ दिवसांत संमतीपत्र दिलं तर चौपट भरपाई, नाही तर दमडीही नाही. मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, काहीच मिळत नाही. पैसा सगळा दिल्लीहून येतो, गोव्याला खर्च शून्य. रस्ता चौपदरी झाला की कोंडी कायमची सुटली. फूटपाथ आणि झाडांत जागा घालवू नये. आणि हरकत घेणारे विकासाच्या आड येतात.

हा मेसेज माझ्या आत्याला आला आणि त्याच्यापाठोपाठ एक ओळखीचा माणूस झेरॉक्स घेऊन तिच्या दारात आला, म्हणून हे लिहिते आहे. तो कागद मी हातात घेऊन वाचला. सर्व्हे क्रमांकाची जागा रिकामी. क्षेत्रफळाची जागा रिकामी. रस्ता गडग्याच्या (कुंपणभिंतीच्या) आत किती मीटर येणार, तीही जागा रिकामी. आणि चौथ्या ओळीत छापलेलं : ‘सदर जागा सार्वजनिक रस्त्यासाठी राजीखुशीने व विनामोबदला देण्यास माझी हरकत नाही.’ मेसेजात चौपट, कागदावर विनामोबदला. खाली सहीच्या जागी मात्र पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली. पंच्याहत्तरीच्या बाईला चष्मा शोधायचाही वेळ न देता ‘उद्या मुदत संपते’ असं सांगितलं गेलं. माझा राग त्या मुदतीवर आहे, म्हणून आधी त्याच मुद्द्याकडे येते.

‘१५ दिवसांत संमती, नाही तर दमडीही नाही.’ हे साफ खोटं आहे, आणि सगळ्या मेसेजात सर्वांत घातक हेच आहे.

सरकारला रस्त्यासाठी जमीन घ्यायची असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, मग कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना. ती राजपत्रात यावी लागते, त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत यावी लागते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. पालिकेत आणि मामलेदार कचेरीत ती लागायला हवी. त्यानंतर कलम १५ प्रमाणे लेखी हरकतीसाठी ६० दिवस. हरकत घेणाऱ्याचं म्हणणं जिल्हाधिकाऱ्याने ऐकून घ्यावं लागतं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल, जसा आपल्याकडे ६६ किंवा ७४८ क्रमांकाचा, तर १९५६ चा महामार्ग कायदा लागतो आणि हरकतीची मुदत २१ दिवसांची होते. पण भरपाई तिथेही १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या कायद्याच्याच हिशेबाने द्यावी लागते. १५ दिवस यांत कुठेही बसत नाहीत.

आता महत्त्वाची गोष्ट. याच कायद्यात आगाऊ संमतीची अट आहे, पण ती कुणासाठी? खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची, आणि सरकारी-खासगी भागीदारीचा प्रकल्प असेल तर ७० टक्के कुटुंबांची. सरकार स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या ताब्यात राहणारा रस्ता करत असेल तर त्याला तुमच्या संमतीची गरजच नाही. नोटीस काढावी, ऐकून घ्यावं, पैसे द्यावेत आणि जमीन घ्यावी. मग हा कागद कशासाठी? नोटीस, सुनावणी आणि पैसे या तिन्ही गोष्टी टाळता याव्यात यासाठी. दुसरं कारण मला तरी दिसत नाही. कुणाला दिसत असेल तर त्याने ‘विनामोबदला’ हा शब्द तिथे का आहे ते सांगावं.

चौपटीत अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. कायद्यात जमिनीच्या बाजारभावाला ग्रामीण भागात १ ते २ च्या मधल्या गुणकाने गुणतात. त्यात घर, झाडं, गडगा यांची किंमत मिळवतात आणि मग तेवढीच रक्कम पुन्हा दिलासा म्हणून देतात. गुणक २ असलेल्या खेड्यात जमिनीचा हिशेब चौपटीवर जातो. शहरात गुणक १, म्हणजे दुप्पट. पण दुप्पट असो वा चौपट, ती सही करणाऱ्याला बक्षीस म्हणून मिळत नाही. जमीन संपादित झाली की प्रत्येकाला मिळते, हरकत घेणाऱ्यालाही. समजा शहरातल्या एका घराची २० चौरस मीटर पट्टी जाते आणि बाजारभाव मीटरला २० हजार आहे. जमिनीचे ४ लाख. गडगा आणि माड मिळून समजा ६० हजार. झाले ४ लाख ६० हजार. त्यावर तेवढाच दिलासा, म्हणजे ९ लाख २० हजार. शिवाय सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची अधिसूचना निघाल्यापासून निवाडा किंवा ताबा, जे आधी होईल तोपर्यंत, बाजारभावावर वर्षाला १२ टक्के वेगळे. आत्याने त्या फुलीवर सही केली असती तर यातलं काय हातात आलं असतं, ते चौथ्या ओळीत लिहिलेलंच आहे.

गोव्यात तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असं वाटत नाही. आपल्याकडच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक असते. एकाच्या सहीने स्थावर मालमत्ता देऊन टाकता येत नाही. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद, काढून पाहा, शहर सर्वेक्षण झालेलं असेल तिथे डी फॉर्म. आजोबांचं नाव, त्यांच्या भावांची नावं, मुंबईला गेलेल्या चुलत्यांची नावं, अजून वाटणी न झालेली. अशा घरात एकट्या म्हातारीच्या सहीने काय होणार? मालकी बदलणार नाही. घरात भांडण मात्र लागेल, आणि उद्या जेसीबी आला की ‘तुमच्याच माणसाने लिहून दिलंय’ असं तोंडावर फेकलं जाईल.

‘आराखड्यात दाखवलं म्हणजे सरकारजमा.’ यातलंही थोडं मान्य करते. बाह्य विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेषा तुमच्या जागेतून जात असेल तर बांधकाम परवाना घेताना ती पट्टी मोकळी सोडावी लागते. तिथे खोली बांधता येत नाही, हे खरं. पण मोकळी सोडणं आणि सरकारची होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उताऱ्यावर नाव तुमचंच राहतं आणि घेताना पैसे मोजावेच लागतात.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १६ मे २०२४ चा निकाल आहे. कोलकाता महानगरपालिकेने एका माणसाची जागा उद्यानासाठी घेतल्याचा दावा केला होता. आधार होता पालिका कायद्यातलं एक कलम, ज्यात रस्ता, चौक, उद्यान यांसाठी कोणती जागा लागेल ते ठरवण्याचा अधिकार दिलाय. न्यायालयाने सांगितलं की जागा ठरवण्याचा अधिकार म्हणजे संपादनाचा अधिकार नव्हे, आणि पालिकेला ५ लाखांचा खर्च भरायला लावला. त्याच निकालात घटनेच्या ३००-अ कलमाखाली जमीनमालकाचे सात हक्क मोजून दिले आहेत : नोटीस मिळण्याचा, म्हणणं मांडण्याचा, कारणांसह निर्णय मिळण्याचा, जमीन सार्वजनिक कामासाठीच घेतली जाण्याचा, योग्य भरपाईचा, प्रक्रिया वेळेत होण्याचा आणि ती रीतसर पूर्ण होण्याचा. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीपासून मूलभूत हक्क राहिला नाही, म्हणून काही लोक तो संपलाच असं बोलतात. त्यांनी हा निकाल वाचावा. नगरसेवकाच्या बैठकीला जाल तेव्हा त्याची एक प्रत बरोबर न्या.

मुंडकारांबद्दलचं वाक्य वाचून वाईट वाटलं, कारण ते घाबरवण्यासाठीच लिहिलंय. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर असलेल्या माणसाला १९७५ च्या मुंडकार कायद्याने संरक्षण दिलंय, घर आणि त्याखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिलाय. भूसंपादन कायद्यात ‘हितसंबंधित व्यक्ती’च्या व्याख्येत राज्याच्या कायद्यांखाली कूळहक्क असलेले आणि ज्यांच्या पोटापाण्यावर परिणाम होतो तेही येतात. मुंडकार म्हणून नोंद झाली नसेल तर ती करून घेण्यासाठी आजच मामलेदाराकडे अर्ज करा. अधिसूचना निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते बरं.

‘पैसा दिल्लीहून, गोव्याला खर्च शून्य.’ दिल्लीहून पैसा येतो, पण तो तीन वाटांनी येतो आणि एकही फुकटची नाही. केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीत पेट्रोल-डिझेलवरचा उपकर जमा होतो. तो आपण पंपावर प्रत्येक लिटरमागे भरतो. भांडवली कामांसाठी राज्यांना २०२०-२१ पासून जी विशेष मदत मिळते ती ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्जाच्या रूपात. व्याज नाही, पण मुद्दल फेडायचंच आहे, आणि ते आपली नातवंडं फेडणार. तिसरी वाट स्मार्ट सिटीसारख्या योजनांची. २०१६ मध्ये निवड झालेल्या पणजीसाठी केंद्राने जितकं द्यायचं तितकंच राज्याने आणि स्थानिक संस्थेने घालायचं, असाच नियम होता. तेव्हा साबांखा (सार्वजनिक बांधकाम खाते) किंवा साधनसुविधा महामंडळाच्या निविदेचा आकडा कुणी सांगितला की लगेच विचारा : यात भूसंपादनाची रक्कम धरली आहे का? वीजखांब, जलवाहिन्या, मलनिस्सारण वाहिन्या हलवायचा खर्च धरला आहे का? नसेल, तर ‘विनामोबदला’ कागद कुठून आला ते तिथेच कळतं.

कोंडी कायमची सुटते हा दावा. इंडियन रोड्स काँग्रेसचं शहरी रस्त्यांच्या क्षमतेबद्दल १९९० चं मार्गदर्शक आहे, आयआरसी १०६. त्यात दोन्ही दिशांच्या दुपदरी रस्त्याची क्षमता तीन तऱ्हांनी दिली आहे. कडेला घरं-दुकानं उघडत नाहीत आणि गाड्या उभ्या राहत नाहीत अशा रस्त्यावर तासाला १५०० कार-एकक, म्हणजे सगळी वाहनं कारच्या हिशेबात मोजून. दुकानं आहेत पण उभ्या गाड्या नाहीत, तर १२००. दुकानंही आहेत, गाड्याही उभ्या आहेत आणि आडवी वर्दळही आहे, तर ९००. डांबराची रुंदी तिन्ही ठिकाणी तीच. दुभाजक नसलेल्या चौपदरीसाठी हेच आकडे ३०००, २४०० आणि १८०० आहेत. आपला बाजाररस्ता तिसऱ्या प्रकारचा आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराकडे गाडी घालून पाहा : डाव्या बाजूला टेम्पोतून भाजी उतरते आहे, उजवीकडे स्कूटर दोन रांगांत तिरक्या लावलेल्या, आणि त्यांच्यामधून एक बस कंडक्टरच्या शिट्टीवर इंचाइंचाने पुढे सरकते आहे. इथे उभ्या गाड्या हटवल्या, त्यांना बाजूला पार्किंगची जागा दिली आणि आडवी वर्दळ आवरली, तरी ९०० चे १२०० होऊ शकतात, म्हणजे एक तृतीयांश वाढ, आणि एकाही गडग्याला हात लावावा लागत नाही. रुंद करून पुन्हा तिथेच गाड्या लावू दिल्या, तर वाढीव पदर वाहनतळ होतो. त्यात पुढचा चौक किंवा पूल दुपदरीच असेल तर सगळी वाहतूक जाऊन तिथे तुंबणार.

रुंदीकरण कुठेच नको असं मी म्हणत नाही. काही रस्त्यांना ते हवंच आहे, रुग्णवाहिका अडकलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पण किती मीटर, कुणाच्या बाजूने आणि कुठल्या मोजणीवरून, हे कागदावर दाखवा.

फूटपाथ ‘वाया’ जातो म्हणणाऱ्याने एकदा शाळा सुटताना रस्त्याच्या कडेने चालून पाहावं. आयआरसी १०३ प्रमाणे पायी चालणाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. आपल्याकडे गटारावरच्या लाद्यांनाच फूटपाथ म्हणायची सवय झाली आहे, त्यांतली एखादी खचलेली असतेच. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात गटाराची रुंदी कापून डांबर वाढवणं म्हणजे जूनमध्ये दुकानात पाणी घेणं. झाडं तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, एवढं या मुद्द्यावर पुरे.

हरकत म्हणजे विकासाला विरोध, यावर वेळ घालवत नाही. हरकतीचे ६० दिवस संसदेने दिले आहेत, कुणा विघ्नसंतोषी माणसाने नव्हे.

ज्यांच्याकडे तो कागद आला आहे त्यांनी आणणाऱ्याकडे तीन गोष्टी मागाव्यात : अधिसूचनेची प्रत, तुमच्या सर्व्हे क्रमांकावर रेषा दाखवणारा नकाशा, आणि रस्त्याचा आडवा छेद, ज्यात पदर, गटार, फूटपाथ मीटरमध्ये लिहिलेले असतात. नसतील तर माहिती हक्काखाली साबांखा आणि नगरनियोजन खात्याकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

आणि सही आधीच झाली असेल तरी हातपाय गाळू नका. स्थावर मालमत्ता बक्षीस द्यायची तर नोंदणीकृत दस्त आणि दोन साक्षीदार लागतात. झेरॉक्सवरच्या सहीने जमीन जात नाही. पण तो कागद कुणाच्या तरी फायलीत राहू देऊ नका. ‘क्षेत्र व मोबदला न सांगता घेतलेली माझी संमती मी मागे घेत आहे’ असं साध्या कागदावर लिहा, एक-चौदावरच्या जितक्या जणांच्या मिळतील तितक्या सह्या घ्या, पालिकेत आणि उपजिल्हाधिकारी कार्यालयात एकेक प्रत द्या, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.